‘कट्यार’ भावला आणि ‘मानापमान’ नाही, असं का होतं? पदं बसवणारीचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिचोलीत तुमच्या मंडळाचं उत्सवाला संगीत नाटक असतं, आणि आता तरुण मुलांना धरून महिन्यातून एक संगीतपट बघायचा असं ठरलंय. ‘कट्यार काळजात घुसली’ सगळ्यांनी श्वास रोखून बघितला, मग ‘संगीत मानापमान’ लावला तर अर्ध्या तासात निम्म्यांच्या हातात मोबाइल. इंग्रजी म्युझिकल तर पहिलं गाणं सुरू झाल्या झाल्या बंद करायला लावतात. तुम्ही विचारताय की आमचा कान कमी पडतो की सिनेमाच फसलेले असतात, आणि पुढं लावायचं काय.

मी इथली गोव्यातलीच, फोंड्याकडची, उत्सवी रंगभूमीवर आणि स्पर्धेच्या नाटकांत पदं बसवते आणि प्रयोगाला ऑर्गनवर बसते, त्यामुळं सिनेमाकडं मी तिथूनच बघते. सिनेमा समीक्षकाला कॅमेरा आधी दिसत असेल, मला आधी दिसतं ते माणूस बोलता बोलता गायला लागला तो कसा लागला.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न गाणी चांगली की वाईट हा नाहीच आहे. ‘मानापमान’मधली गाणी वाईट आहेत असं कुणी म्हणणार नाही, गाणारे गळे तर एकेक मोठे आहेत. प्रश्न असा की पडद्यावरचा माणूस गद्य सोडून पदात शिरतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर जातो की खुर्चीतच राहतो. नाटकात हे काम अर्धं आधीच झालेलं असतं. नांदी झाली, पडदा वर गेला, पुढं ऑर्गन आणि तबला बसलेले दिसतात, प्रेक्षकाला माहीत असतं की इथं माणसं गाणार. सिनेमात तसं काही नसतं, समोर खरं झाड, खरा घोडा, खरा पाऊस दिसतो आणि त्यात अचानक कुणी गायला लागला की पटवून द्यायची जबाबदारी त्या सिनेमाची. जो ती घेतो तो चालतो, जो गृहीत धरतो तो फसतो, निदान माझ्यापुरता.

आता हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं हेही मान्य करते. मोठ्या पडद्यावर चांगल्या आवाजात बघितलेला सिनेमा आणि टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर बघितलेला तोच सिनेमा यात फार फरक पडतो, गाण्याच्या सिनेमात तर जास्तच. भाषेचा प्रश्न आहेच, गाण्यातले शब्द कळले नाहीत तर गाणं म्हणजे नुसता आवाज. आणि ज्याचा कान ‘सौभद्र’सारख्या जुन्या संगीत नाटकांवर वाढलाय त्याला जे लांबलेलं वाटत नाही ते इतरांना लांबलेलं वाटणार. तेव्हा पुढचं सगळं माझं मत आहे, पण मत कशावरून झालं ते सांगते.

‘कट्यार’ आणि ‘मानापमान’ ही जोडी मला सगळ्यात जास्त शिकवते कारण दोन्हीचा दिग्दर्शक तोच, सुबोध भावे, आणि संगीतकारही तेच, शंकर-एहसान-लॉय. एक 2015 चा, दुसरा जानेवारी 2025 चा. म्हणजे कौशल्य कमी होतं असं म्हणायची सोय नाही. मग फरक कुठं पडला?

‘कट्यार’ची गोष्टच गाण्याची आहे. दोन घराणी, दोन गायक, एकाचा अहंकार, आणि दुसऱ्याचा शिष्य जो त्याच शत्रूची गायकी चोरून ऐकतो. तिथं माणसं गातात कारण गाणं हे त्यांचं काम आहे, हत्यार आहे, इज्जत आहे. पद सुरू झालं की कुणीतरी जिंकणार किंवा हरणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण ताना सुद्धा भांडण ऐकावं तशा ऐकतो. शिवाय मूळ नाटक 1967 चं, संगीत आमच्या मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीबुवांनी त्याआधी 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिलं तेव्हापासूनच पद आटोपशीर करून प्रसंगाला घट्ट बांधायला सुरुवात केली होती. त्यांच्या चालीत पद प्रसंगाच्या बाहेर फार वेळ फिरत नाही, म्हणून सिनेमाला ते सोसलं. सिनेमानं नवीन गाणी घातली, मागची गोष्ट विस्तारून दाखवली, तरी कणा तोच राहिला. महेश काळे यांना ‘अरुणी किरणी’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच, पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं की ते गाणं गोष्टीतल्या एका गायकाचं गाणं आहे. एक गोष्ट खटकते ती म्हणजे ऐन तानेत कॅमेरा दुसरीकडे पळतो, ऐकणाऱ्यांच्या तोंडावर, दिव्यांवर, छतावर. तान घेणाऱ्याच्या तोंडावर थांबायला हवं होतं असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

‘मानापमान’ वेगळं आहे. खाडिलकरांचं नाटक 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गोष्ट पैशाच्या गर्वाची आणि शौर्याची आहे, गाण्याची नव्हे. धैर्यधर सैनिक आहे, भामिनी श्रीमंताची लेक आहे, यांना गायचं काहीच कारण नाही, ते गातात कारण संगीत नाटकात माणसं गातात. रंगमंचावर हे चालतं, आजही आमच्याकडे देवळासमोरच्या मंडपात चालतं. पण सिनेमात किल्ले, फौजा, घोडे, भव्य सेट असं सगळं खरं खरं उभं केल्यावर त्या माणसांनी का गावं हे नव्यानं ठरवावं लागतं आणि ते ठरवलेलं मला दिसलं नाही. गाणं आलं की गोष्ट बाजूला उभी राहते, गाणं संपलं की परत चालू लागते. प्रत्येक गाणं वेगळा कार्यक्रम म्हणून ऐकलं तर सुंदर. तुमच्या पोरांनी मोबाइल काढले ते गाण्याला कंटाळून नव्हे, गोष्ट थांबली म्हणून काढले असं मला वाटतं.

आता तालमीत मी काय सांगते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पदाच्या आधीचं शेवटचं गद्य वाक्य पदाच्या पट्टीत आणून सोडायचं. नट बोलत असतानाच मी खाली हळूच सूर धरते, त्याचा आवाज त्या सुरावर येऊन टेकतो आणि पद कधी सुरू झालं ते प्रेक्षकाला कळतही नाही. नवीन मुलं काय करतात, वाक्य संपवतात, थांबतात, ऑर्गनकडे बघतात, सूर मिळाला की छाती भरून सुरू करतात. तेवढ्या थांब्यात मंडपात खोकले सुरू होतात, कारण सगळ्यांना कळतं की आता पद आलं. दुसरी गोष्ट, पद संपल्यावर तू कुठं आहेस? ‘सौभद्र’मधलं ‘वद जाऊ कुणाला शरण’ मुली छान गातात, हरकती घेतात, पण सुभद्रा तिथं खरोखर विचारतेय, तिला वाट दिसत नाहीये. पद संपताना ती सुरुवातीपेक्षा जास्त एकटी झाली पाहिजे. नाही झाली तर ते पद काढून टाकलं तरी कुणाला कळणार नाही.

ह्याच दोन गोष्टी मी सिनेमात बघते, शिरणं कसं आणि संपल्यावर काय बदललं, मग तो मराठी असो की इंग्रजी.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (1965) बघा. मुलांना सा रे ग म शिकवायचं ते प्रसिद्ध गाणं सुरू होतं तेव्हा त्या मुलांना गाता येत नाही आणि त्यांना सांभाळायला आलेल्या नवीन बाईवर, मारियावर, त्यांचा पूर्ण विश्वासही नाही. गाणं साल्झबुर्ग शहरभर फिरतं, जागा बदलतात, दिवस जातात, आणि संपतं तेव्हा मुलं गाताहेत आणि बाई त्यांची झालेली आहे. जे सांगायला तीन प्रसंग लागले असते ते एका पदात झालं. आणखी एक गंमत सांगते जी आम्हा पदं बसवणाऱ्यांना फार महत्त्वाची वाटते. आवडत्या वस्तूंची यादी असलेलं जे गाणं आहे ना, ते मूळ रंगमंचावर मारिया आणि तिच्या मठातल्या प्रमुख, मदर अ‍ॅबेस, गातात. सिनेमात ते उचलून वादळाच्या रात्री घाबरलेल्या मुलांच्या प्रसंगात ठेवलं. शब्द तेच, चाल तीच, पण मुलांची भीती घालवायला गायलं म्हणून आज जगाला ते तिथलंच वाटतं. पदाची जागा बदलली की पदच बदलतं, आम्ही स्पर्धेच्या नाटकात काटछाट करताना हे रोज बघतो.

दुसरी जोडी परदेशातली, आणि हीसुद्धा एकाच दिग्दर्शकाची. टॉम हूपर, 2012 चा ‘ले मिझराब्ल’ आणि 2019 चा ‘कॅट्स’. ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांनी आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवले नाहीत, सेटवर कॅमेऱ्यासमोर खरं गायलं, कानात छोटा इअरपीस आणि त्यात पियानोची साथ, मोठा वाद्यवृंद नंतर जोडला. साथ करणाऱ्या माणसाला यातलं महत्त्व लगेच कळतं. रेकॉर्ड केलेल्या गाण्यात नट टेपच्या मागून जातो, इथं पियानोवाला नटाच्या मागून जातो. अ‍ॅन हॅथवेला हुंदका आला तर ती थांबू शकते, साथ थांबते, मग परत धरते. तिचं ते मुख्य गाणं जवळजवळ सगळं एकाच लांब शॉटमध्ये, चेहऱ्याजवळून, कुठं पळापळ नाही. तिला ऑस्कर मिळालं. सगळ्यांचे गळे तितके तयार नाहीत, रसेल क्रो मला कच्चा वाटला आणि पूर्ण सिनेमाभर चेहऱ्यात घुसलेला कॅमेरा थोडा दमवतो, पण ती पाच मिनिटं कुठल्याही गायक नटानं बघावी अशी आहेत.

मग सात वर्षांनी त्याच माणसानं ‘कॅट्स’ केला, त्यातही सेटवरच गायले, आणि सिनेमा जोरात आपटला. प्रदर्शित झाल्यावर सुधारलेल्या दृश्यांची नवीन प्रत थिएटरांना पाठवावी लागली इतकी घाई. लोक म्हणतात कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या केसाळ अंगांमुळं पडला, ते आहेच, पण माझ्या मते मूळ कारण आणखी खाली आहे. ते नाटक कवितांवरून केलेलं, त्यात गोष्ट नावालाच, एकेक मांजर येते, आपली ओळख गाऊन जाते. रंगमंचावर समोर खरी माणसं तसं अंग वळवून नाचतात ते बघण्यातच आनंद असतो, घाम दिसतो, धाप ऐकू येते. पडद्यावर अंगच खरं नाही म्हटल्यावर तो आनंद गेला आणि मागं गोष्टही नाही. म्हणून कुणी म्हणालं की खरं गायलं की सिनेमा चांगला होतो, तर ऐकू नका.

शिरण्याचा प्रश्न ज्यांनी हुशारीनं सोडवला त्यांच्याबद्दल थोडं. ‘कॅबरे’ (1972) मध्ये दिग्दर्शक बॉब फॉसनं मूळ नाटकातली नाइटक्लबच्या बाहेरची गाणी जवळजवळ सगळी काढून टाकली, माणसं गातात ती क्लबच्या स्टेजवर. बाहेर एकच गाणं राहिलं, बागेत बसलेल्या लोकांत एक कोवळा मुलगा उठून गायला लागतो आणि हळूहळू सगळे उभे राहतात, आणि तो मुलगा नाझी आहे हे कळल्यावर अंगावर काटा येतो. तो काटा येतो कारण एरवी कुणी बाहेर गातच नाही. ‘शिकागो’ (2002) मध्ये गाणी बहुतेक नायिकेच्या डोक्यातल्या स्टेजवर घडतात. आपला ‘नटरंग’ही त्याच जातीचा, तमाशाचा फड आहे म्हणून गाणं आहे, आणि नायक फडासाठी स्वतःत काय बदल करतो हीच गोष्ट. आणि ‘ला ला लँड’ (2016) उलट वाटेनं जातो, पहिल्याच प्रसंगात ट्रॅफिकमध्ये अडकलेले लोक गाड्यांतून उतरून गायला नाचायला लागतात. ती नांदीच आहे. दिग्दर्शक तिथंच सांगून टाकतो की इथं माणसं गाणार, पटत असेल तर बसा.

इथं ‘जग्गा जासूस’ (2017) बद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तिकीटबारीवर पडला, आणि मला तो आपल्याकडचा फार महत्त्वाचा संगीतपट वाटतो. जग्गा तोतरा आहे, बोलताना अडखळतो, गाताना अडखळत नाही, म्हणून तो गातो. बस. हिंदी सिनेमात गाण्याला इतकं साधं आणि इतकं माणसाच्या आतलं कारण मी क्वचित बघितलंय. लांबी जास्त झालीय, दुसऱ्या भागात पळापळ फार आहे, हे खरं. पण चालला नाही म्हणजे वाईट असं नसतं. ‘वेस्ट साइड स्टोरी’चंही तसंच. 1961 च्या सिनेमाला दहा ऑस्कर, पण नायिका नताली वूडचा गाण्याचा आवाज दुसऱ्या गायिकेचा, मार्नी निक्सनचा, आणि बोलणं आणि गाणं यातला सांधा कानाला कळतो. 2021 मध्ये स्पीलबर्गनं परत केला, नटांनी स्वतः गायलं, सांधा गेला, मला तो जुन्यापेक्षा आवडतो, आणि थिएटरमध्ये लोकच आले नाहीत. तेव्हा हिट आणि चांगला ह्या दोन वेगळ्या वह्या ठेवा.

ओठ हलवण्याच्या बाबतीत आपल्याकडे मी फार कडक नाही, सगळी परंपराच तशी आहे. ‘बालगंधर्व’ (2011) मध्ये सुबोध भावेंच्या तोंडी आनंद भाटेंचा आवाज इतका बसलाय की तक्रार करावीशी वाटत नाही. पण ‘मी वसंतराव’ मध्ये राहुल देशपांडे स्वतः आजोबांची, म्हणजे गायक वसंतराव देशपांड्यांची, भूमिका करतात आणि स्वतः गातात, तिथं गळ्याची शीर हलते, श्वास घेताना खांदा वर जातो, आणि जो गाणं शिकलाय त्याला ते बघताना वेगळंच समाधान मिळतं. तुमच्या मंडळातल्या गाणाऱ्या मुलांना हा जरूर दाखवा.

आता एक गोष्ट जी माझ्याच म्हणण्याला अडवते, ती लपवणार नाही. मी म्हणते पदानं गोष्ट पुढं न्यावी. पण आपल्या गोव्यात तियात्र हे कोंकणी नाटक आहे आणि तियात्रात दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, होतात, त्यातल्या कितीतरींचा मूळ गोष्टीशी काही संबंध नसतो, कुणी राजकारणावर गातो, कुणी गावच्या भानगडीवर, आणि हॉल दणाणतो. म्हणजे गोष्टीला न जोडलेलं गाणंही चालतं, जर प्रेक्षकाशी तसा करार झालेला असेल तर. करार महत्त्वाचा. ‘नाचुया कुंपासार’ या कोंकणी सिनेमात संगीतकार ख्रिस पेरींची साठ-सत्तरच्या दशकातली जुनी गाणी घेऊन त्यांच्याभोवती गोष्ट विणलीय, गाणी आधीची, गोष्ट नंतरची, उलटा प्रवास. तरी चपखल बसतं कारण ती माणसं वाजंत्री आणि गायिका आहेत, आणि प्रत्येक जुन्या गाण्याला त्यांच्या नात्यातली नेमकी जागा शोधलीय.

अंतराचंही बघा. आमच्याकडे साठीतला कसलेला नट तरणा कृष्ण करतो आणि मंडपातल्या लोकांना काही वावगं वाटत नाही, गळा तरुण आहे ना. ‘डिअर इव्हान हॅन्सन’ (2021) मध्ये रंगमंचावर ज्यानं ती भूमिका गाजवली त्याच नटाला सिनेमात शाळकरी मुलगा म्हणून घेतलं, तोवर तो सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॅमेरा दोन हातांवर, आणि गाण्यातली सगळी व्याकुळता त्या चेहऱ्याच्या वयात अडकली. कॅमेरा प्रेक्षकाला मंडपातल्या शेवटच्या रांगेत बसूच देत नाही.

तर थोडक्यात, तुमचा कान कमी पडत नाही. ज्या सिनेमानं गाण्याला कारण दिलं, किंवा सुरुवातीलाच करार केला, तिथं तुमची माणसं बसून राहिली. जिथं दोन्ही नाही तिथं उठली.

दाखवायचं काय ते सांगते. सुरुवात इंग्रजीनं करू नका, ‘संत तुकाराम’ (1936) नं करा. प्रभात कंपनीचा, तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस. ‘आधी बीज एकले’ हे गाणं लोकांना तुकोबाचाच अभंग वाटायचा इतकं ते त्या माणसाच्या तोंडात बसलंय, प्रत्यक्षात ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं. आणि त्यातला तुकोबाचा शत्रू सालोमालो तुकोबाचे अभंग आपले म्हणून गातो तेव्हा शब्द तेच असून ते खोटे कसे वाटतात हे पोरांना नुसतं ऐकायला सांगा, अभिनयाचा धडा आहे तो. मग ‘द साउंड ऑफ म्युझिक’, मग ‘जग्गा जासूस’, आणि नंतर ‘मानापमान’ परत लावा, पण या वेळी मुलांना सांगा की प्रत्येक गाण्याच्या आधीचं अर्धं मिनिट आणि नंतरचं अर्धं मिनिट एवढंच नीट बघा, आणि हेच पद आपण उत्सवात बसवलं असतं तर कसं शिरलो असतो ते करून दाखवा. एखादी पेटी जवळ ठेवा.

‘ले मिझराब्ल’ सगळ्यात शेवटी. त्यात गद्य जवळजवळ नाहीच, सगळं गाऊन, आणि अडीच तासांच्या वर जातो, तेव्हा खालच्या ओळी वाचता येतील असा मोठा पडदा आणि बाहेरून जोडलेले बऱ्यापैकी स्पीकर मिळाले तरच लावा. चहाला थांबायचं तर दोन गाण्यांच्या मध्ये जागा सापडणार नाही, म्हणून आधी स्वतः एकदा बघून कुठं थांबायचं ती वेळ कागदावर लिहून ठेवा.